कळलावी घरी नेताना

कळलावीची फुलं पाहून हरखणारे पुष्कळ असतात. कंद हातात दिला की "हे रताळं का?" असं विचारणारेही तितकेच. हे पत्रक मुख्यतः त्या प्रश्नासाठी आहे.

हे रताळं नाही. कळलावीच्या (अग्निशिखेच्या) सर्वांगात कोल्चिसिन हे विष असतं, सगळ्यात जास्त कंदात आणि बियांत. चुकून खाल्ल्यास काही तासांत तोंडाची आग, उलट्या, जुलाब सुरू होतात. पुढे मूत्रपिंड आणि अस्थिमज्जेवर परिणाम होऊन जीवही जाऊ शकतो. घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि झाडाचा तुकडा किंवा फोटो डॉक्टरांना दाखवा. बाळंतपणात कंद वापरण्याची जुनी रीत आहे, तीही कृपया विसरा.

लागवड सोपी आहे. रानात ही वेल झुडपांच्या कडेला वाढते, बुंध्याशी सावली आणि शेंड्याला ऊन. घरीही तेच द्या. माती भुसभुशीत, पाणी न साचणारी हवी. चिकण माती असेल तर वाळू आणि शेणखत मिसळा. जूनच्या पहिल्या पावसाआधी कंद दोन-तीन इंच खोल आडवा ठेवा. कोंब कंदाच्या टोकाला असतो. टोक मोडलं की तिथून फुटवा येत नाही, म्हणून जपून, आणि हातमोजे घालूनच. पानांची टोकंच वळून आधार पकडतात, त्यामुळे बारीक काटक्या किंवा जाळी पुरे. फुलं पिवळसर उमलतात आणि लाल होत जातात. कोकणात गणपतीच्या माटवीला (मूर्तीवर टांगलेल्या लाकडी चौकटीला) ती बांधतात. मुलांच्या हाताला लागणार नाहीत इतकी उंच बांधा.

दिवाळीनंतर वेल वाळते. "झाड मेलं" असे फोन आम्हाला तेव्हाच येतात. मेलेलं नसतं, कंद झोपलेला असतो. पाणी बंद करा. हाच खरा धोक्याचा काळ: कुंडी रिकामी समजून माती उकरली जाते आणि कंद स्वयंपाकघराच्या आसपास पोचतो. कुंडीवर मोठ्या अक्षरांत "विषारी" लिहा. वाळलेल्या शेंगा फुटण्याआधी काढा. आतल्या लालबुंद बिया मुलं उचलतात.

रानातून उपटलेले कंद आम्ही विकत नाही. बियांपासून फूल यायला तीन-चार पावसाळे लागतात, किंमत जास्त वाटते ती त्यामुळे.