झेला, तारेचा झोळ आणि 46 मीटर

बागेत हायटेन्शन लाईनच्या सर्व्हेच्या खुंट्या ठोकलेल्या दिसल्या की वाडीत दोन गोष्टी ठरलेल्या: ग्रामसभेत विरोधाचा ठराव होतो आणि कुणीतरी कॅन्सरचा विषय काढतं. त्यावर लाईन टाकणाऱ्या कंपनीचे साहेब 'तारेचं चुंबकीय क्षेत्र मर्यादेच्या कितीतरी खाली आहे' एवढंच सांगून मोकळे होतात आणि बैठक तिथेच अडते. हायटेन्शन लाईनला विरोध करणाऱ्या गावांची बाजू इथे उगाच लंगडी पडते, असं मला वाटतं. त्यांच्याकडे याहून पक्का मुद्दा असतो, आणि तो भूमितीचा असतो.

आधी कॅन्सरचं बघू. तारेतून वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. 400 केव्ही (म्हणजे 4 लाख व्होल्ट) लाईनच्या बरोबर खाली ते काही मायक्रोटेस्लांपासून (हे चुंबकीय क्षेत्राचं माप) पंधरा-वीसपर्यंत भरतं आणि बाजूला सरकलं की झपाट्याने उतरतं. सर्वसामान्य लोकांसाठीची 2010 ची आंतरराष्ट्रीय मर्यादा 200 मायक्रोटेस्लांची आहे. म्हणजे साहेब खोटं बोलत नाहीत. पण शंकाही हवेतली नाही. 1979 साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात मुलांचा रक्ताचा कर्करोग आणि घराजवळच्या वीजतारा यांचा संबंध प्रथम मांडला गेला. पुढच्या अभ्यासांत, घरातलं सरासरी क्षेत्र 0.3 ते 0.4 मायक्रोटेस्लांच्या वर असेल तिथे हा आजार दीड ते दोन पट दिसला. तो का दिसावा, याची यंत्रणा सापडलेली नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2002 मध्ये हे क्षेत्र 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, तेव्हा घाबरून जाऊ नका आणि हसण्यावारीही नेऊ नका. घर लाईनपासून शंभरेक मीटर लांब असेल, तर हा प्रश्न बहुतेक मिटतोच.

आता भूमिती. इतका दाब (व्होल्टेज) लागतोच कशाला? तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब 33 केव्हीवरून 400 वर नेला की तेवढ्याच विजेसाठी प्रवाह बारा पटींनी उतरतो आणि त्याच तारेतला तोटा सुमारे 145 पटींनी. दाभोळ, जयगडसारख्या किनाऱ्यावरच्या प्रकल्पांची वीज सह्याद्री चढवून घाटावर न्यायची तर दुसरा सोयीचा मार्ग नाही.

पण दाब वाढला की तारेला मोकळी हवाही जास्त लागते. 400 केव्हीची तार जमिनीपासून किमान 8.84 मीटर उंच हवी आणि झाडाच्या शेंड्यापासून 5.5 मीटर दूर. वजाबाकी करा: तार जिथे सगळ्यात खाली येते, तिथे झाडाला सव्वातीन-साडेतीन मीटरच उरतात. हापूसचं भरात आलेलं कलम आठ-दहा मीटर सहज जातं. लाईनखाली असा मोकळा ठेवायचा पट्टा 46 मीटर रुंद. म्हणजे एका किलोमीटरला 4.6 हेक्टर, आणि 10 बाय 10 मीटरवर लावलेली बाग असेल तर सुमारे 460 कलमं.

त्यात तार एका जागी राहत नाही. दोन मनोऱ्यांमधलं अंतर 400 मीटरच्या आसपास असतं. उन्हाने आणि विजेच्या भाराने तारेचं अ‍ॅल्युमिनियम तापलं की तार जेमतेम हातभर लांबते, पण मधला झोळ दोनेक मीटरने खाली येतो. झोळ सगळ्यात जास्त कधी? कडक उन्हात, भार चढलेला असताना, म्हणजे नेमका एप्रिल-मेमध्ये. बागेत तेव्हाच माणसं झाडावर चढून आंबे उतरवायचा लांब काठीचा झेला फिरवत असतात. एवढ्या दाबाच्या तारेला झेला टेकायलाही लागत नाही, नुसता जवळ गेला तरी मधली हवाच वीज वाहू लागते. पट्ट्याच्या कडेच्या बागायतदाराने हा मुद्दा ठरावात आधी लिहावा.

कायदाही इथे विचित्र आहे. 2003 च्या वीज कायद्यातलं कलम 164 सरकारला लाईन टाकणाऱ्या कंपनीला 1885 च्या तार (टेलिग्राफ) कायद्याचे अधिकार देऊ देतं. त्या अधिकारात जमीन संपादित होत नाही. सातबारा तुमच्याच नावावर राहतो, पण पट्ट्यात घर नाही, मोठं झाड नाही. केंद्राच्या जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी मनोऱ्याच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के आणि ग्रामीण भागात तारेखालच्या पट्ट्याला 30 टक्के भरपाई सुचवली. बागायतदाराचं नुकसान मात्र जमिनीपेक्षा वर उभ्या झाडाचं, आणि तेही पुढच्या पन्नास वर्षांच्या पिकाचं.

'मग जमिनीखालून न्या की!' हे प्रत्येक सभेत ऐकू येतं. जमिनीखालची केबल लांबलचक कपॅसिटरसारखी, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागासारखी वागते. एसी (सतत दिशा बदलणारी) वीज असली की लांबी वाढेल तशी केबलची क्षमता स्वतःलाच भारित करण्यात संपत जाते. शिवाय केबलच्या पट्ट्यावरही खोल मुळांचं झाड चालत नाही, आणि खर्च कित्येक पट. मुंबईसाठी कुडूस ते आरे मार्गाचा बराचसा भाग जमिनीखालून नेला, तो डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीज वापरून. त्याला दोन्ही टोकांना एसीचं डीसी आणि उलट करणारी महागडी कन्व्हर्टर केंद्रं लागतात.

उरतो सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार. वर उघडा कातळ, खाली पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) दोन्ही अंगांना बागा, ही आपली ठरलेली रचना. सड्यावर झाडं तुटत नाहीत, पण अडचणी तिथेही आहेत. खारा वारा इन्सुलेटरवर मीठ बसवतो आणि दमट हवेत त्या थरातून वीज निसटते. कोरड्या जांभ्यातून वीज सहज वाहत नाही, त्यामुळे मनोऱ्याचं अर्थिंग कठीण होतं. आणि कातळशिल्पं कुठे आहेत हे आधी बघावं लागतं. 2022 पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत.

तरी सड्याचा खरा उपयोग उंचीचा आहे. पऱ्ह्याच्या दोन्ही बाजूंच्या सड्यांवर एकेक मनोरा उभा केला की तार दरीवरून जाते, आणि तळाची बाग तारेपासून तीस-चाळीस मीटर खाली राहते. तिथे 5.5 मीटरची अट आपोआप पाळली जाते, कलमाला कोयता लागत नाही. म्हणून आराखडा हातात आला की नुसता वरून काढलेला नकाशा बघू नका. मनोऱ्यांच्या जागा, दोन मनोऱ्यांमधला जमिनीचा उभा छेद आणि तार सगळ्यात तापलेली असतानाचा झोळ दाखवणारा कागद मागा. इंजिनिअरकडे तो असतोच. त्याशिवाय मनोऱ्याची उंची ठरत नाही.