शनिवार बघून खोली घेऊ नका, तिथी बघून घ्या
अलिबागला आमच्या लॉजवर उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

"कुलाबा किल्ल्यात चालत कधी जाता येईल?" हा प्रश्न आमच्या काउंटरवर रोज येतो, पण बहुतेक वेळा उशिरा येतो. तोवर खोलीचे पैसे भरलेले असतात, परतीची एसटी नाहीतर लाँच ठरलेली असते, आणि चालत जाण्याजोगी ओहोटी पाहुणे अलिबागच्या वाटेवर वडखळला गाड्यांच्या रांगेत अडकलेले असतानाच होऊन गेलेली असते. मग संध्याकाळी किनाऱ्यावर उभं राहून किल्ल्याचे फोटो काढायचे आणि परत जायचं. एवढ्या लांबून येऊन असं होऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्रक. खोली घेण्याआधी वाचा आणि सोबत येणाऱ्यांनाही पाठवा.

ओहोटीची वेळ कशी काढायची

कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात आहे. पूर्ण ओहोटी लागली की मधली खडकाळ वाट उघडी पडते आणि पंधरा-वीस मिनिटांत चालत पोचता येतं. भरती असली की तीच वाट माणसाच्या डोक्यावरून पाण्याखाली जाते. ही वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. त्यामुळे "मागच्या वेळी आम्ही ४ वाजता गेलो होतो" या अनुभवाचा पुढच्या खेपेला काहीच उपयोग नाही.

इथल्या कोळी बांधवांचा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. त्यात ६ तास मिळवले किंवा वजा केले की पूर्ण ओहोटी, म्हणजे इकडे ज्याला सुकती म्हणतात ती. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. उदाहरणार्थ चतुर्थी: चाराची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी साधारण ३ला भरती आणि सकाळी ९च्या सुमारास ओहोटी. द्वादशीला सकाळी ९ला भरती, दुपारी ३ला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा बेत ठरवायला हा हिशेब पुरे, पण त्या दिवशीची नेमकी वेळ छापील तक्त्यातली बघावी. ती आम्ही पावसाळा सोडून रोज सकाळी काउंटरजवळच्या फळ्यावर खडूने लिहितो.

आता यातली एक गोष्ट शहरातल्या पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. ओहोटी दिवसातून दोनदा लागते खरी, पण प्रत्येक ओहोटीला वाट पूर्ण उघडी पडत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरतीचं पाणी खूप चढतं आणि ओहोटीचं तितकंच खोल ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी. अष्टमीला भर दुपारी १२ला ओहोटी असते, वेळ अगदी सोयीची वाटते, पण वाटेत पाणी राहतं. सप्तमी ते दशमी या दिवसांत यायचं असेल तर होडीने जायची तयारी ठेवा. होडीचं भाडं जाऊन-येऊन धरून आधी ठरवावं.

म्हणजे शनिवार-रविवारच हवा असला तरी कोणता शनिवार, हे तुमच्या हातात आहे. शनिवारी द्वादशी-त्रयोदशी आली तर उत्तम. दुपारी १२ला खोली मिळते, सामान टाकून द्वादशीला दीडच्या सुमारास निघालात की किल्ला निवांत बघून ४च्या आत परत येता. प्रत्यक्ष पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी संध्याकाळी सव्वापाच ते सहापर्यंत जाते. थंडीच्या दिवसांत परतेपर्यंत अंधार पडतो, म्हणून लहान मुलं बरोबर असतील तर आम्ही ती तारीख सुचवत नाही.

ज्या चुकीने दिवस वाया जातो

आता शनिवारी तृतीया आहे असं धरा. पाहुणे दुपारी पोचतात तेव्हा पाणी चढलेलं असतं आणि सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती असते. त्या दिवशीची पुढची ओहोटी रात्री सव्वाआठच्या सुमारास, म्हणजे निरुपयोगी. जमणारी एकच वेळ उरते, रविवारी सकाळी ९ची. हे आम्ही शनिवारी सांगतो, फळ्यावरही लिहिलेलं असतं. तरी रविवारी सकाळी उठायला उशीर, चहा-नाश्त्याला उशीर, आणि साडेनऊला बॅगा पसरलेल्या असताना विचारणा होते: "आम्ही पटकन किल्ला बघून येतो, खोली १२ला सोडली तर चालेल ना?"

चालणार नाही. त्याचं कारण नीट सांगतो, कारण यावरूनच सगळ्यात जास्त वाद होतो.

आमच्याकडे खोल्या मोजक्या आणि सफाईला दोन बायका. १० ते १२ या दोन तासांत सगळ्या खोल्यांच्या चादरी-अभ्रे बदलायचे, न्हाणीघरं धुवायची, वाळू झाडून मग फरशी पुसायची आणि दारं-खिडक्या उघडून खोली वाऱ्यावर ठेवायची. समुद्राच्या हवेत बंद खोलीला तासाभरात कुबट वास धरतो. खोली एका पाहुण्याने उशिरा सोडली की पुढचं कुटुंब लहान मुलांसकट ओट्यावर बसून राहतं, आणि त्यांनीही पैसे भरलेले असतात. काही ठिकाणी जादा पैसे घेऊन वेळ वाढवून देतात. आम्ही ते मुद्दाम करत नाही. स्वस्तातली खोली स्वच्छ द्यायची असेल तर हे दोन तास मोडून चालत नाहीत. म्हणून खोली १०लाच सोडायची, सगळ्यांनी.

पण यासाठी किल्ला सोडायची काहीच गरज नाही. आदल्या रात्री बॅगा भरून ठेवा. सकाळी निघताना किल्ली काउंटरवर द्या आणि सामान जिन्याखालच्या कुलपाच्या खोलीत ठेवा. त्याचे पैसे नाहीत. परत आल्यावर मागच्या अंगणातल्या न्हाणीघरात अंघोळ करा, कपडे बदला, चहा घ्या आणि दुपारी २पर्यंत आरामात निघा. सकाळी लवकर पोचणाऱ्यांसाठीही हीच सोय आहे. ७ला एसटीतून उतरलात तर खोली मिळणार नाही, पण सामान ठेवून किल्ल्यावर जाऊन येता येईल. ही सोय आम्ही मोठ्या कष्टाने उभी केली आहे, तिचा उपयोग करून घ्या.

वाटेवर आणि किल्ल्यात

पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी किनारा सोडावा आणि ओहोटीनंतर तासाभरात परतीला लागावं. पाणी वळलं की वाटेतल्या सखल जागा आधी भरतात. समोर खडक कोरडे दिसत असले तरी मध्ये कमरेएवढं पाणी लागू शकतं. अशा वेळी पाण्यात उतरू नका, किल्ल्यातच थांबा आणि होडीची वाट बघा. पावसाळ्यात तर चालत जाण्याचा विचारही नको. त्या चार महिन्यांत कोणी कितीही आग्रह केला तरी आम्ही वेळ सांगत नाही.

अनवाणी जाऊ नका. खडकांना कालवांची कवचं चिकटलेली असतात, त्यांची धार तळपाय चिरते, आणि शेवाळावरून घसरायला होतं. मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल सगळ्यात बऱ्या. ज्येष्ठांना चालवत नसेल तर ओहोटीला किनाऱ्यावर घोडागाड्या मिळतात.

किल्ल्यात घाई करू नका. शिवछत्रपतींच्या अखेरच्या काळात, १६८०मध्ये, याचं काम सुरू झालं आणि पुढे हे कान्होजी आंग्र्यांचं मुख्य ठाणं झालं. १७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले, तरी त्यांना हा घेता आला नाही. आत शिरण्याआधी बाहेरून तटाकडे जरा बघा. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेले आहेत, सांध्यांत चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. बरेच लोक महादरवाजावरच्या मोर-हत्तींचा फोटो काढून आत जातात आणि हा तट बघायचाच राहतो. आत रघोजी आंग्र्यांनी १७५९मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, शेजारी गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, आणि उत्तरेच्या बाजूला चाकांच्या गाड्यावर ठेवलेल्या इंग्रजी तोफा आहेत. संकष्टीला दर्शन घेऊ इच्छिणाऱ्यांना चतुर्थीची सकाळची ओहोटी आयतीच मिळते. त्या दिवशीच्या खोल्या लवकर भरतात, हे मात्र लक्षात असू द्या.

आमच्या लॉजबद्दल

जुन्या अलिबागच्या आळीतलं हे घर आहे. जाड भिंती, लाकडी जिना, वर कौलं. लिफ्ट नाही आणि बसवता येणारही नाही. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी तळमजल्यावरच्या दोन खोल्या आम्ही राखून ठेवतो, पण ते खोली घेतानाच सांगायला हवं. माळ्याची तक्तपोशी लाकडी असल्यामुळे वर ओढलेली खुर्ची खाली ऐकू येते, म्हणून रात्री १०नंतर जरा सांभाळून. तरण तलाव आणि हिरवळ हवी असेल तर वरसोली-नागावकडे भरपूर जागा आहेत. तिथून किल्ल्याला येताना मात्र गाडी काढावी लागते, आणि सुट्टीच्या दिवशी किनाऱ्याजवळ ती लावायला जागा मिळत नाही. आमच्याकडून किनारा, एसटी स्टँड, हिराकोट, कान्होजींची समाधी, इस्रायल आळीतलं सिनेगॉग, सगळं पायी. १९०४पासून चालू असलेली चुंबकीय वेधशाळाही जवळच आहे, पण तिथे आत जायला आधी परवानगी काढावी लागते.

गाडी दारापर्यंत येत नाही. आळीत समोरून टेम्पो आला की दोघंही अडकतात आणि शेजाऱ्यांना त्रास होतो. आळीच्या तोंडाशी सामान उतरवा, आमचा मुलगा येऊन नेईल, आणि गाडी तो दाखवेल त्या जागी लावा.

किल्ल्यावरून आलात की मागच्या विहिरीजवळच्या नळावर पाय धुवूनच आत या. तिथे काथ्याचं पायपुसणं टाकलेलं आहे. वाळू न्हाणीघरात गेली की मोरी तुंबते, आणि जुन्या घरात मोरी मोकळी करायला फरशी उचलावी लागते.

प्रत्येक मोठ्या माणसाचं फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, एकाचं दाखवून चालत नाही. गरम पाणी सकाळी ६ ते ९.

जेवण आम्ही बनवत नाही, सकाळी चहा आणि पोहे मिळतात. जवळच्या खानावळी आमच्यापेक्षा चांगलं रांधतात, त्यांची नावं काउंटरवर विचारा. थाळीतल्या पापलेटचा दर आकाराप्रमाणे असतो, तो बसण्याआधी विचारून घ्या. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा खाडीची मासळी आहे का ते विचारा, नाहीतर बर्फातलीच मिळते. उन्हाळ्यात आलात तर पांढऱ्या कांद्याची एक माळ घेऊन जा. आम्हीही घरी तोच वापरतो.

येण्याजाण्याचं थोडक्यात

मुंबईहून येणाऱ्यांनी गेटवे ते मांडवा लाँच धरावी. काही लाँचच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस असते, तिकीट काढताना विचारा. पावसाळ्यात या लाँच बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट आणणारी रो-रो आहे, तीही समुद्र खवळला की थांबते. रस्त्याने येणार असाल आणि त्याच दिवशी दुपारची ओहोटी गाठायची असेल, तर शनिवारी पहाटेच निघा.

खोली ठरवताना

फोनवर आधी तारीख सांगा. खोली आहे की नाही हे सांगण्याआधी आम्ही तुम्हाला त्या दिवशीची ओहोटी सांगू. तुमच्या सोयीची नसेल तर जवळची बरी तारीख सुचवू, मग त्या दिवशी आमची खोली रिकामी राहिली तरी हरकत नाही. मधल्या वारी येणं जमत असेल तर जरूर या. सोमवार ते गुरुवार दर कमी असतो आणि किल्ल्यात गर्दी नसते.

आगाऊ रक्कम भरल्यावर तारीख बदलायची असेल तर दोन दिवस आधी कळवा, ती पुढच्या तारखेला वळती करून घेऊ. माघी गणेश जयंती, दिवाळीची सुट्टी आणि ३१ डिसेंबर या दिवसांसाठी मात्र तारीख बदलून मिळणार नाही.