चौफुलीतल्या वाटा आणि कंसातलं स्थिरपद

चौफुलीवर लावलेल्या पऱ्हाटीत डवरा उभा-आडवा दोन्हीकडून फिरतो. अशा वावरात चार झाडांमधली जागा हा एक चौकोन धरा. नैर्ऋत्य कोपऱ्यातून निघायचं, दोन चौकोन पूर्वेला आणि दोन उत्तरेला जायचं, मागं फिरायचं नाही. वाटा सहाच निघतात.

आता (१ − क्ष)² × (१ − १/क्ष)² उलगडू. पहिल्यातून १ − २क्ष + क्ष², दुसऱ्यातून १ − २/क्ष + १/क्ष². गुणाकारात क्ष जिथं कटतो तेवढंच उचलायचं: १ + ४ + १. म्हणजे पुन्हा सहा! या क्ष नसलेल्या पदाला स्थिरपद म्हणतात.

१९६२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन अणुकेंद्रकांच्या ऊर्जापातळ्यांचं गणित मांडत होते. त्यांनी कितीही चलांसाठी अंदाज बांधला. चलांच्या प्रत्येक जोडीचे दोन कंस घ्यायचे, (१ − क्ष/य) आणि (१ − य/क्ष), आणि अंशात जे चल असेल त्याचा घातांक त्या कंसाला द्यायचा. तीन चलांचे घातांक अ, ब, क असतील तर स्थिरपद (अ+ब+क)! ÷ (अ! ब! क!) येतं; अ! म्हणजे १ ते अ या संख्यांचा गुणाकार. विस्तार केवढाही फोफावला तरी उत्तर इतकं नेटकं! गन्सन आणि केनेथ विल्सन यांनी ते लगेच सिद्ध केलं. १९७० मध्ये गुड यांनी जेमतेम पानभरात उरकलं.

१९७५ मध्ये गणितज्ञ जॉर्ज अँड्र्यूज यांनी डायसनच्या अंदाजात क्यू हे आणखी एक चल आणलं. वाटेखाली जितके चौकोन, तितका क्यूचा घात. आपल्या सहा वाटांखाली ०, १, २, २, ३, ४ चौकोन असतात, म्हणून उत्तर १ + क्यू + २क्यू² + क्यू³ + क्यू⁴. कंस असे घ्यायचे: (१ − क्ष)(१ − क्यू·क्ष)(१ − क्यू/क्ष)(१ − क्यू²/क्ष). गुणून पाहा, नेमकं हेच स्थिरपद येतं. सर्वसाधारण सिद्धता मात्र सोपी नव्हती. झाइलबर्गर आणि ब्रेसूद यांनी ती १९८५ मध्ये दिली.

चूक होते ती क्यू कुठून सुरू करायचा इथं. एका बाजूला १ पासून, दुसऱ्या बाजूला क्यूपासून, हा तिरपेपणा हवाच. एकाच चौकोनाचं वावर घ्या; दोन्हीकडे क्यू लावला तर (१ − क्यू·क्ष)(१ − क्यू/क्ष) यातून १ + क्यू² निघतं. हवं असतं १ + क्यू, कारण दोन वाटांखाली ० आणि १ चौकोन. क्यू = १ ठेवून केलेली पडताळणी इथं फसवते, कारण दोन्ही उत्तरं २ येतात. त्यापेक्षा चौकोन मोजावेत: एकाच चौकोनाच्या वावरात वाटेखाली दोन चौकोन बसतीलच कसे?