वय कुठल्या वाडग्यात? त्तोकगुक आणि मियोकगुक

कोरियन मालिका बघणाऱ्यांचा एक गोंधळ हमखास होतो. एका भागात सगळं घर वाडगाभर सूप खाऊन 'एक वर्षानं मोठं' होतं. दुसऱ्या भागात कुणाचा तरी वाढदिवस, आणि आई भल्या सकाळी उठून सूप करतेय. दोन्ही वाफाळती, दोन्हींत बहुधा गोमांसाचे तुकडे, दोन्हींचा संबंध वयाशी. मग ते एकच असणार! नाही. पहिलं त्तोकगुक, दुसरं मियोकगुक, आणि एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

त्तोकगुक सोल्लालचं, म्हणजे चांद्र नववर्षाच्या सकाळचं. तांदळाचं पीठ वाफवून, कुटून त्याची लांबच लांब पांढरी कांडी करतात. ती लांबी दीर्घायुष्याची, पांढरा रंग कोऱ्या सुरुवातीचा. कांडी जरा वाळली की पातळ चकत्या कापायच्या. त्या नाण्यांसारख्या दिसतात म्हणून पैशाचीही आशा. रस्सा पूर्वी फेझंट पक्ष्याचा असे, तो न मिळाल्यास कोंबडीचा. 'फेझंटऐवजी कोंबडी' ही म्हण त्यावरूनच आली असं सांगतात. आपली दुधाची तहान ताकावर भागते, तसंच.

कोरियन भाषेत वय वाढत नाही, ते 'खातात'. त्यामुळे 'त्तोकगुकचे किती वाडगे खाल्लेस?' म्हणजे 'तुझं वय काय?' जुन्या मोजणीत बाळ जन्मतःच एक वर्षाचं, आणि नवं वर्ष लागलं की सगळेच एकदम एका वर्षानं मोठे. ३१ डिसेंबरला जन्मलेलं मूल दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं! २८ जून २०२३ पासून दक्षिण कोरियात कायद्यानं सरकारी कामाला वाढदिवसानुसार वय धरतात. वाडगा मात्र कायम आहे.

मियोकगुक वाढदिवसाला खातात खरं, पण मुळात ते बाळंतिणीचं. मला दोघांत हेच जास्त भावतं. मियोक हे समुद्री शेवाळ, जपानी लोक ज्याला वाकामे म्हणतात ते. वाळलेलं मूठभर भिजत घाला, बघता बघता भांडं भरतं. मग तिळाच्या तेलात गोमांसाबरोबर परतून पाणी घालून उकळायचं. त्यात आयोडीन आणि कॅल्शियम भरपूर. आपल्याकडे अळिवाची खीर, तिकडे हे. प्रसूतीनंतर तीन आठवडे रोज, कधी दिवसातून अनेकदा.

बाळंतिणीसाठी घ्यायच्या मियोकच्या भावात घासाघीस करायची नाही, आणि दुकानदारानं ते दुमडायचं-मोडायचं नाही, नाहीतर बाळंतपण अवघड जातं, असा जुना समज. पहिला वाडगा भात-पाण्यासह सामसिन हाल्मोनीपुढे ठेवत. ही मुलं देणारी, त्यांना राखणारी आजीदेवी. आपल्या सटवाईची प्रेमळ थोरली बहीण म्हणा. म्हणून वाढदिवसाला 'मियोकगुक खाल्लंस का?' असं विचारतात, तेव्हा त्या वाडग्यात त्या दिवशीच्या आईच्या कळाही असतात. त्तोकगुक सगळ्यांना एकाच सकाळी मोठं करतं. मियोकगुक एकेकट्याचं, आणि मागे बघणारं.

एक गंमत मात्र फक्त मियोकगुकच्या वाट्याची. शेवाळ बुळबुळीत, म्हणून परीक्षेच्या दिवशी ते वर्ज्य, केलेला अभ्यास निसटेल! 'मियोकगुक खाल्लं' म्हणजे थेट 'नापास झाला'. काहीजण याचा उगम १९०७ साली जपाननं कोरियन सैन्य बरखास्त केलं त्यात शोधतात, कारण 'हेसान' या उच्चाराचा अर्थ बरखास्तीही होतो आणि बाळंतपणही. मला बुळबुळीचं कारणच पटतं, कारण परीक्षार्थींना भेट देतात ती चिकट चिक्कीसारखी 'योत' मिठाई, चिकटून राहा म्हणून. नोव्हेंबरात विद्यापीठ प्रवेशाची मोठी परीक्षा असते. नेमका त्याच दिवशी वाढदिवस आला, तर आईनं शेवाळ भिजत घालायचं ते पेपर संपल्यावर.