एन्ट्रॉपी हा शब्द कुठून आला

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या पुढे गेला तरी वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर खोली गारेगार करतो. मृग लागून हवा दमट झाली की तोच कूलर, तोच पंप, तेच पाणी, आणि अंगाला नुसता चिकचिकाट. कूलर बिघडलेला नसतो. हवेतला कोरडेपणा संपलेला असतो. कोरडी हवा आणि ओल्या ताट्या यांच्यातला फरक मिटता मिटता गारवा मिळतो. फरकच उरला नाही, तर पंखा कितीही जोरात फिरवा. ऊर्जा कुठेच नाहीशी होत नाही, तरी काहीतरी कायमचं खर्ची पडतं. त्या खर्चाचा हिशेब म्हणजे एन्ट्रॉपी.

हा हिशेब सुरू झाला वाफेच्या इंजिनापासून. सादी कार्नो हा फ्रेंच लष्करी अभियंता. वाफेच्या इंजिनांत इंग्लंड पुढे आणि आपला देश मागे, हे त्याला सलत होतं. 1824 मध्ये, 28व्या वर्षी, त्याने एक छोटं पुस्तक काढलं. प्रश्न एकच: एवढ्या उष्णतेतून जास्तीत जास्त काम किती मिळेल? त्याचं उत्तर असं, की इंजिनात वाफ भरा नाहीतर हवा, मर्यादा ठरते ती गरम आणि थंड बाजूंच्या तापमानांवरच. उंचावरून पडणारं पाणी चक्की फिरवतं, तशी गरमाकडून थंडाकडे उतरणारी उष्णता इंजिन फिरवते, असं तो धरून चालला. उष्णता हा न आटणारा द्रव आहे, ही त्या काळची समजूत चुकीची होती, पण तिच्यावरून काढलेली मर्यादा आजही अढळ आहे. या सगळ्या इतिहासात मला हेच सर्वांत विलक्षण वाटतं. 1832 मध्ये पटकीने तो गेला तेव्हा त्याच्या पुस्तकाकडे फारसं कुणी पाहिलंही नव्हतं.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉसियसने 1850 मध्ये ती समजूत दुरुस्त केली: उष्णतेचा काही भाग खरोखरच कामात बदलतो, उरलेला थंड बाजूला द्यावाच लागतो. 1865 मध्ये त्याने कायमच्या खर्चाच्या त्या मापाचं बारसं केलं: एन्ट्रॉपी. ग्रीक 'ट्रोपी', म्हणजे पालट, आणि 'एनर्जी'शी जुळावं म्हणून पुढे 'एन्'. पसारा, गोंधळ, अव्यवस्था यांपैकी काहीही त्या नावात नाही.

दोनच वर्षांनी, 1867 मध्ये, मुंबईहून आगगाडी नागपूरला पोचली. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. त्याच वर्षी ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्झमनने एन्ट्रॉपीला मोजणीचा अर्थ दिला: एखादी स्थिती जितक्या जास्त रीतींनी घडू शकते, तितकी तिची एन्ट्रॉपी जास्त. तर्री-पोह्यांच्या प्लेटमध्ये 20 चणे आहेत असं समजा. सगळे डाव्या अर्ध्यात असण्याची रीत एकच. दोन्हीकडे दहा-दहा असण्याच्या रीती 1,84,756. प्लेट हलवली की चणे पसरतात, कारण पसरलेपणाच्या वाटाच अफाट आहेत. इथे चणे वीसच. घोटभर पाण्यातल्या रेणूंचा आकडा लिहायला बसलो तर चोवीस-पंचवीस अंक लागतील.

'अव्यवस्था' हा अर्थ इथूनच चिकटला. शिकवायला तो सोयीचा आहे, पण फसवा. त्याच तर्रीवर तेलाचा लाल तवंग आपोआप वर येऊन थांबतो. तेल एकीकडे, पाणी दुसरीकडे, अगदी नीटनेटकं; तरीही एकूण एन्ट्रॉपी वाढलेलीच असते. डोळ्यांना दिसणारा पसारा आणि एन्ट्रॉपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कपाटातल्या विस्कटलेल्या कपड्यांचं उदाहरण आता पाठ्यपुस्तकांनी सोडावं असं मला मनापासून वाटतं.

1948 मध्ये अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅननने हेच नाव संदेशातल्या अनिश्चिततेला दिलं. मोबाइलवरचा फोटो किती दाबून लहान करता येईल, हा हिशेब त्याच्याच सूत्रावर उभा आहे.

कार्नोची मर्यादा पाहायची तर नागपूरजवळच्या कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रात जावं. तिथे 660 मेगावॉटचे तीन संच आहेत. वाफ 560 अंश आणि थंड बाजू 40 अंश धरली, तर कार्नोच्या हिशेबाने उष्णतेचा फार तर 62 टक्के भाग कामात येऊ शकतो. अशा संचांना प्रत्यक्षात मिळतो साधारण 40 टक्के. उरलेली बरीचशी उष्णता कूलिंग टॉवरमधून हवेत जाते. हा टॉवर म्हणजे आपल्या कूलरचा थोरला भाऊच: तिथेही थोडं पाणी वाफ होऊन बाकीचं थंड करतं, आणि मृगानंतरच्या दमट हवेत त्यालाही ते जड जातं.