उन्हाळी लागली की लागण झाली?

मे महिन्यात विदर्भात पारा 45 च्या वर जातो. माणूस दिवसभर घाम गाळतो, प्यायलेलं पाणी पुरत नाही, लघवी गडद पिवळी होते आणि जळजळ सुरू होते. ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आपल्याकडे. धने-जिऱ्याचं पाणी पोटात गेलं, सावलीत बसलं की दोन दिवसांत उतरते. पण हेच दिवस लग्नसराईचेही. कुठेतरी निरोधाविना संबंध आलेला असेल, तर त्याच जळजळीनं माणसाची झोप उडते. उलटही होतं. खरोखरचा परमा, म्हणजे गनोरिया, ‘उन्हाळी असंल’ म्हणून अंगावर काढला जातो.

मी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एचआयव्ही समुपदेशनाच्या खोलीत बसते. अशी माणसं बहुतेक बाजाराच्या दिवशी येतात, कारण त्या दिवशी तालुक्याला कशाला गेला होतास असं घरी कुणी विचारत नाही. ओळख पटेल असं काही न सांगता एकाबद्दल लिहिते. तरुण मुलगा, साक्षगंध झालेलं, दिवाळीनंतर लग्न. दार लोटून घेतलं आणि उभ्यानंच म्हणाला, “मॅडम, मले एड्स तं नाही ना झाला?”

मी विचारलं, “भाऊ, आज कितवा दिवस?”

“नववा.”

संबंध आल्याला किती दिवस झाले, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा लागतो. काळजी पहिल्या रात्रीपासून सुरू होते, जंतू मात्र आपापल्या गतीनं वाढतात. परम्याचा जंतू घाईचा. पुरुषाला साधारण 2 ते 7 दिवसांत घट्ट पिवळा पू येऊ लागतो, चड्डीला डाग पडतात. क्लॅमिडिया या दुसऱ्या लैंगिक आजाराला एक ते तीन आठवडे लागतात, आणि अनेकांना काहीच जाणवत नाही. उपदंशाचा, म्हणजे जुन्या बोलीतल्या गरमीचा जंतू फारच संथ. एकाचे दोन व्हायला त्याला 30 तासांच्या आसपास लागतात. पोटातल्या साध्या ई-कोलाय जंतूला अनुकूल परिस्थितीत 20 मिनिटं पुरतात. म्हणून उपदंशाचा व्रण सरासरी तीन आठवड्यांनी उठतो, कधी दहाव्या दिवशी तर कधी नव्वदाव्या. हा व्रण दुखत नाही, आणि फसगत होते ती इथेच. तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप भरतो, माणूस सुटलो म्हणतो, आणि जंतू रक्तात पसरलेला असतो. त्याच संथपणामुळे त्याला औषधही बरेच दिवस टिकणारं लागतं: शरीरात दोन-तीन आठवडे हळूहळू विरघळत राहणारं बेंझाथिन पेनिसिलिन. सुरुवातीच्या अवस्थेत एकदाच द्यावं लागतं.

एचआयव्हीची तपासणी नवव्या दिवशी का पुरत नाही, हे त्या मुलाला पऱ्हाटीवरून समजावलं. सरकी टोबली की तिसऱ्या दिवशी माती उकरून काय कळणार? अंकुर वर यायला हवा. आमच्याकडची रॅपिड चाचणी प्रामुख्यानं शरीरानं विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते, आणि ती तयार व्हायला काही आठवडे जातात. मोठ्या प्रयोगशाळेतल्या चौथ्या पिढीच्या चाचणीत विषाणूचा एक भागही सापडतो, त्यामुळे बहुतेकांचं उत्तर 45 दिवसांपर्यंत मिळतं. रॅपिडसाठी तीन महिने धरायचे. तरी आज एकदा तपासायचं. आधीपासून काही होतं का, ते त्यातून कळतं. या मधल्या काळात रक्तदान करायचं नाही. रक्त तपासून मिळेल म्हणून शिबिरात जाणारे असतात, पण या काळातला संसर्ग चाचणीतून निसटू शकतो आणि तो दुसऱ्याच्या शिरेत जातो.

एका बाबतीत मात्र वाट बघणं घातक. विषाणू शरीरात शिरल्यावर काही काळ आत शिरलेल्या जागेच्या आसपासच असतो, मग लसीका ग्रंथींत पोचतो आणि पेशींच्या डीएनएत स्वतःला शिवून घेतो. त्याआधी औषधानं गाठलं तर लागण टळू शकते. त्यासाठी 72 तास. जितकं लवकर तितकं चांगलं, आणि पुढे 28 दिवस रोज गोळ्या. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीला तर त्याच दिवशी, त्याच रात्री सरकारी रुग्णालयात नेलं पाहिजे. या मुलाची ती वेळ गेली होती. पण त्याला एक आकडा सांगितला. समोरच्या बाईला एचआयव्ही असून ती औषधावर नसती, तरी एका संबंधातून पुरुषाला लागण होण्याची शक्यता 10,000 मध्ये साधारण 4. स्त्रीला पुरुषाकडून, 8. शून्य नाही, पण रात्रभर छतावर डोळे लावून बसावं इतकीही नाही. हे ऐकून तो खुर्चीत बसला.

मग त्यानं खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. पाचातल्या तीन जागा फुटलेल्या, दोन गोळ्या शिल्लक. मेडिकलवाल्यानं दिलेलं अँटिबायोटिक. बरं वाटलं म्हणून थांबवलं. याचा मला मनापासून त्रास होतो. अर्धवट डोसानं पू थांबतो, जंतू मरतोच असं नाही, आणि जो उरतो तो औषध पचवायला शिकतो. परम्याच्या जंतूनं आधी पेनिसिलिन निकामी केलं, मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन. लैंगिक आजारांच्या सरकारी ‘सुरक्षा’ क्लिनिकमध्ये लक्षणांनुसार औषधांची रंगीत किट फुकट मिळतात, जोडीदाराचंही औषध मिळतं. जोडीदाराला दिलं नाही तर लागण घरातल्या घरात फिरत राहते.

स्त्रीचं अवघड आहे. गर्भाशयाच्या मुखाशी झालेली लागण बरेचदा मुकी असते, आणि थोडं पांढरं गेलं तर ‘बाईच्या जातीला चालायचंच’. 1989 साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. 92 टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. सगळेच आजार संबंधांतून आलेले नव्हते, पण जवळजवळ निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गाचा होता. उपचाराविना राहिलेला क्लॅमिडिया किंवा परमा वर चढून गर्भनलिका चिकटवतो. मग मूल होत नाही, आणि गाव बोट दाखवतं ते तिच्याकडे. त्या नलिकेपर्यंत जंतू कुणी पोचवला, हे कुणी विचारत नाही.

म्हणून त्या मुलाला म्हटलं, “लग्नाच्या आधी येजा, चुकवू नको.” नाव बाहेर जाईल का, ही त्याची शेवटची भीती. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं संमतीशिवाय चाचणी आणि अहवाल फोडणं, दोन्हींना मनाई आहे. शिवाय या खोलीत रोज गरोदर बायाही तपासणीला येतात. बाहेर बाकावर बसलेल्याला कोण कशासाठी आलं, हे कळत नाही. घरून बोलायचं तर 1097 हा फुकट क्रमांक आहे, तोही दिला.

त्या दिवशी रक्त घेतलं. एचआयव्ही आणि उपदंश, दोन्ही निगेटिव्ह. लघवीच्या जागी पू नव्हता, व्रण नव्हता. डॉक्टरांनी तपासून पाणी भरपूर प्यायला सांगितलं. दर आठवड्याला आंघोळीच्या वेळी स्वतःकडे नीट बघ, काही दिसलं तर लगेच ये, असं बजावलं. पुढची तारीख ऑगस्टच्या शेवटची निघाली. त्यानं मोबाईल काढला, मग परत खिशात ठेवला. “मोबाईल घरचे पाहतात,” म्हणाला. “पोळ्याच्या आधीचा बाजार. ध्यानात राहीन.”

पोळ्याच्या आधीच्या बाजाराला तो आला. बैलासाठी घेतलेली नवी वेसण पिशवीत होती.