यजमानाचा कप आणि पाहुण्यांची जोड

यात्रेतल्या कुस्त्या पाहिलेल्या खान्देशी माणसाला निमंत्रितांची स्पर्धा समजावून सांगावी लागत नाही. पात्रता फेरी वगैरे काही नसतं. खर्च गावाचा, जोड लावणारे पंचही गावचे, आणि पाहुणा पैलवान कुठल्या तोडीचा बोलवायचा तेही गावच ठरवतं. जून २०१८ मध्ये भारतानं मुंबईत फुटबॉलचा इंटरकॉन्टिनेंटल कप जिंकला, त्याची मुळं अशाच एका आखाड्यात आहेत.

१९८२ मध्ये कोलकात्यात नेहरू कप ही निमंत्रित देशांची फुटबॉल स्पर्धा सुरू झाली तेव्हा पाहुणे तगडे होते. पहिलाच कप उरुग्वेनं नेला. १९८४ मध्ये अर्जेंटिना आली, आपण ०-१ नं हरलो. कप मात्र पोलंडकडे गेला. मग १९८५ ते ८८ सलग चार वर्षं सोव्हिएत संघ. १९९७ पर्यंत यजमानाच्या हाती कप एकदाही लागला नाही, आणि त्यानंतर दहा वर्षं आखाडाच ओस.

२००७ मध्ये दिल्लीत स्पर्धा पुन्हा भरली. पाहुणे आता आपल्या आवाक्यातले. एन. पी. प्रदीपच्या एकमेव गोलवर सीरियाला हरवून भारत जिंकला. २००९ मध्ये पुन्हा सीरियाच, पण निकाल पेनल्टीवर. गोलरक्षक सुब्रत पालनं वाचवलं. २०१२ मध्ये कॅमेरून, तेही पेनल्टीवर. त्यांचे युरोपात खेळणारे बडे खेळाडू मात्र आलेच नव्हते. जोड हलकी म्हणावी, तर सीरिया क्रमवारीत आपल्या बराच वर होता.

नेहरू कपच्या जागी आलेली २०१८ ची इंटरकॉन्टिनेंटल स्पर्धा ही २०१९ च्या आशियाई कपची तयारी होती. पाहुणे केनिया, न्यूझीलंड आणि चायनीज तैपेई, म्हणजे तैवान. अंधेरीत तैपेईला ५-० नं लोळवलं, कर्णधार सुनील छेत्रीची हॅटट्रिक, आणि प्रेक्षक अवघे २,५६९! दुसऱ्या दिवशी छेत्रीनं व्हिडिओतून हात जोडले: टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन. ४ जूनला त्याचा शंभरावा सामना. भर पावसात स्टेडियम गच्च. मध्ये न्यूझीलंडकडून हरलो, पण १० जूनच्या फायनलमध्ये केनियाला २-० नं हरवलं. दोन्ही गोल छेत्रीचे, देशासाठी त्याचे एकूण ६४. तेव्हा अर्जेंटिनाच्या मेस्सीचेही तेवढेच होते.

त्या रात्री जळगावात चहाच्या टपरीवर मोबाइलभोवती आम्ही पाचसहा जण. मृग लागलेला, एकाच्या पिशवीत सरकीच्या बियाण्याची पाकिटं. तो म्हणाला, "काय भो, मेस्सीइतके गोल, आन् मले याचं नावच माहीत नाही!" रिप्ले संपेपर्यंत त्यानं पिशवी काही उचलली नाही.